शेक संपल्यावर दोन वर्षांनी आटलेली इच्छा

प्रश्न : माझे वय ४७ असून मी एका वर्कशॉपमध्ये फिटर आहे. अडीच वर्षांपूर्वी डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाले, मानेतल्या गाठी काढल्या आणि नंतर मानेच्या दोन्ही बाजू धरून किरणोपचाराचे ३० शेक व आठवड्याला एक असे केमोचे ५ डोस झाले. आता कॅन्सर नाही, असे डॉक्टर सांगतात. परंतु गेल्या वर्षभरापासून शरीरसंबंधाची इच्छाच उरलेली नाही. प्रयत्न केला तरी ताठरता पुरेशी येत नाही, आली तर वीर्यपतनाला फार वेळ लागतो, आणि पहाटे पूर्वी येणारी ताठरताही बंद झाली आहे. दिवसभर अंगात त्राण नसते, वजन ८ किलोंनी वाढले आहे, शौचाला साफ होत नाही, आणि भर मे महिन्यात मी पंखा बंद करा म्हणतो म्हणून मुले हसतात. मागच्या फॉलो-अपला धीर करून विचारले, तर तिथल्या डॉक्टरांनी "जीव वाचला हे काय थोडे झाले?" एवढेच उत्तर दिले. एका मित्राच्या सांगण्यावरून कामावरून सुटल्यावर संध्याकाळी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनची तपासणी केली, ती २६८ आली. ओळखीचा जिमवाला इंजेक्शनचा कोर्स करू म्हणतो. मानेच्या जळजळीसाठी मी रात्री अमिट्रिप्टिलिनची गोळी घेतो. शेकाचे किरण माझ्या अंगातून पत्नीला बाधतील, असे कोणीतरी तिच्या मनात भरवले आहे, त्यामुळे ती मुलीच्या खोलीत झोपते. कधी कधी वाटते, उगाच वाचलो. शेकामुळे माझे पुरुषत्व गेले का? पुढची तपासणी या महिन्याच्या अखेरीस आहे.

उत्तर : नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही ज्या ओळींत मुख्य प्रश्न मांडला आहे, त्यांच्यापेक्षा ओघात लिहून गेलेल्या एका वाक्यावर माझी नजर थांबली, आणि ते वाक्य पंख्याचे आहे. ज्या माणसाला मे महिन्यात थंडी वाजते, ज्याचे वजन वाढत जाते, ज्याला बद्धकोष्ठ होतो, दिवसभर मरगळ असते आणि ज्याच्या मानेवर दोन वर्षांपूर्वी शेक झालेले आहेत, त्याच्या थायरॉइडची तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी. तुमच्या सविस्तर पत्रात त्या तपासणीचा उल्लेख कुठेच नाही. ती झालेली असेल तर रिपोर्ट शोधून काढा, आणि झालेली नसेल तर हा पूर्ण सल्ला वाचून होण्याची वाटही पाहू नका, उद्या सकाळीच रक्त द्या.

त्याआधी तुम्हाला मिळालेल्या त्या उत्तराविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. जीव वाचणे ही थोडी गोष्ट नाही, हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल. पण वाचलेला माणूस पुढची पंचवीस-तीस वर्षे संसार करणार असतो, आणि त्या संसारात शरीरसुखाला जागा आहे. हा प्रश्न विचारण्यात कृतघ्नपणा नाही, चैन नाही आणि लाजिरवाणे तर काहीच नाही. शिवाय निव्वळ वैद्यकीय दृष्टीनेही ते उत्तर अपुरे होते, कारण कामेच्छा मावळणे हे एखाद्या संप्रेरकाच्या म्हणजे हॉर्मोनच्या कमतरतेचे पहिले लक्षण असू शकते. ते लक्षण रुग्णाने आपण होऊन सांगितले, तरी त्याच्या मागे जाऊन पाहिले गेले नाही, याचे मला एक डॉक्टर म्हणून वाईट वाटते.

आता थायरॉइडविषयी. ही ग्रंथी मानेच्या पुढच्या भागात, कंठाच्या खाली, फुलपाखरासारखी श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. गालाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठींच्या जागेवरही किरण द्यावे लागतात, आणि तुमच्याप्रमाणे दोन्ही बाजू घेतल्या असतील तर ही ग्रंथी त्या वाटेतच येते. ती ताबडतोब बंद पडत नाही. तिच्या बारीक रक्तवाहिन्या आणि पेशी हळूहळू निकामी होत जातात आणि महिने किंवा वर्षे उलटल्यावर तिचे उत्पादन शरीराच्या गरजेला पुरेनासे होते. मानेवर शेक घेतलेल्यांपैकी साधारण २० ते ५० टक्के लोकांत पुढे कधी ना कधी हा दोष आढळतो. म्हणूनच मानेवर किरणोपचार झालेल्या प्रत्येकाची टीएसएच ही रक्ताची तपासणी दर ६ ते १२ महिन्यांनी करावी, असे कॅन्सर उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तक्रार असो वा नसो, ती करायची असते. प्रत्यक्षात स्कॅन, तोंडाची तपासणी, गाठी चाचपणे यांत ओपीडीचा वेळ संपतो आणि काही शे रुपयांची ही तपासणी राहून जाते.

थायरॉइडचा आणि शय्येचा संबंध काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. हा संबंध फार निकटचा आहे. थायरॉइड कमी पडलेल्या पुरुषांमध्ये इच्छा कमी होणे, ताठरता अपुरी येणे आणि वीर्यपतनाला उशीर लागणे, या तिन्ही तक्रारी आढळतात. तुम्ही तिन्ही लिहिल्या आहेत. यातली तिसरी मला विशेष बोलकी वाटते, कारण केवळ मनाच्या ताणामुळे त्रास होतो तेव्हा बहुतेकांची तक्रार उलट, म्हणजे लवकर होण्याची असते. आणि ज्यासाठी हे सगळे लिहितो आहे ती गोष्ट अशी, की थायरॉइडची कमतरता भरून निघाल्यावर या तक्रारी बहुतेकांच्या बाबतीत लक्षणीय सुधारतात. त्यामुळे "पुरुषत्व गेले का" या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी आज "नाही" असे देतो. किरणांनी तुमच्या वृषणांना इजा झालेली नाही. गालावर आणि मानेवर दिलेल्या किरणांचा जो विखुरलेला अंश तिथवर पोहोचतो, तो अगदी नगण्य असतो. केमोमध्ये बहुधा सिस्प्लॅटिन दिले असेल, त्याचा वृषणांवर आणि नसांवर काही परिणाम होऊ शकतो, पण त्याचा विचार पहिले कारण तपासून झाल्यावर.

तपासणी करताना नुसती टीएसएच न करता तिच्याबरोबर फ्री टी-४ सुद्धा, म्हणजे खुद्द थायरॉइड जे संप्रेरक तयार करते त्याचे रक्तातले प्रमाणही, करून घ्या. टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक असून ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते. थायरॉइड थकली की ते वाढते. पण खुद्द पिट्युटरीच थकली असेल तर टीएसएच सामान्य दिसते आणि टी-४ मात्र कमी असते, आणि एकच आकडा पाहणारा माणूस तिथे फसतो. तुमच्या बाबतीत याची शक्यता कमी आहे, कारण गालाच्या शेकात पिट्युटरी सहसा किरणांच्या पट्ट्याबाहेर राहते. नाकामागच्या घशाचा, सायनसचा किंवा कवटीच्या तळाशी पोहोचलेला कॅन्सर असेल तर गोष्ट वेगळी असते. तिथे पिट्युटरीला किरण लागतात आणि काही वर्षांनी तिची संप्रेरके एकामागून एक कमी होऊ शकतात, त्यांत वृषणांना आज्ञा देणारीही असतात. हे वाचणाऱ्या कोणाचा आजार त्या जागेचा असेल, तर त्यांनी सकाळी ८ च्या सुमाराचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण पेलायला लागणारे संप्रेरक, तेही तपासून घ्यावे. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉइडची गोळी आधी सुरू केली तर माणूस गंभीर आजारी पडू शकतो, म्हणून तिथे क्रम महत्त्वाचा असतो.

तुमचे टीएसएच वाढलेले आणि टी-४ कमी निघाले, तर थायरॉक्सिनची गोळी सुरू होईल आणि बहुधा ती कायमची घ्यावी लागेल. ही गोळी स्वस्त आहे, पण घेण्याच्या पद्धतीबाबत फार हट्टी आहे. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर ती घ्यायची आणि त्यानंतर चहासाठी निदान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबायचे. आपल्याकडे डोळे उघडताच कप हातात येतो, त्यामुळे कितीतरी जणांची मात्रा अकारण वाढवत न्यावी लागते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात चार तासांचे अंतर ठेवा. शेकानंतर घसा आवळलेला असतो आणि लाळ नसते, त्यामुळे गोळी टाळूला चिकटून राहण्याची तक्रार बरेच जण करतात. तसे झाल्यास ती चुरून चमचा-दोन चमचे पाण्यात मिसळून लगेच पिऊन टाकली तरी चालते. मात्रा ठरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचे. पहिल्या पंधरवड्यात काही फरक नाही म्हणून निराश होऊ नका. आधी थंडी जाते, मग थकवा हटतो, आणि इच्छा परतायला काही महिनेही लागू शकतात. हृदयाचा त्रास असल्यास किंवा पूर्वी झालेला असल्यास तो डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मग सुरुवात लहान मात्रेने करावी लागते.

आता त्या २६८ च्या आकड्याकडे आणि जिममधल्या इंजेक्शनाकडे वळू. ते इंजेक्शन घेऊ नका, हे मी तुम्हाला आग्रहाने सांगतो. टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखे नसते, ते सकाळी सर्वाधिक असते आणि पुढे उतरत जाते. म्हणून त्याची तपासणी सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी करायची असते, आणि कमी आली तरी दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा करून खात्री करायची असते. कामाची पाळी संपवून, दमून, संध्याकाळी दिलेल्या रक्तावरून कोणाच्याही पुरुषत्वाचा निकाल लावता येत नाही. त्यातही थायरॉइड कमी असताना टेस्टोस्टेरॉनला रक्तातून वाहून नेणारे प्रथिन कमी होते, त्यामुळे एकूण आकडा आहे त्याहून कमी दिसतो. शिवाय प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचे आणखी एक संप्रेरक वाढू शकते आणि तेही इच्छा दाबते. म्हणजे थायरॉइड दुरुस्त झाल्यावर हाच आकडा आपोआप वर येण्याची चांगली शक्यता आहे. त्याआधी बाहेरून इंजेक्शन घेतले तर तुमच्या वृषणांना काम नाही असा निरोप मेंदूकडून जातो, ती सुस्तावतात, शुक्रजंतू घटतात, रक्त दाट होऊ शकते आणि मूळ दोष तसाच झाकला जातो. थायरॉइड स्थिर झाल्यावर सकाळच्या दोन तपासण्यांतही टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी निघाले, तर एलएच, एफएसएच (पिट्युटरीची वृषणांना आज्ञा देणारी संप्रेरके) आणि प्रोलॅक्टिन पाहून दोष वृषणांत आहे की पिट्युटरीत, हे एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे संप्रेरकतज्ज्ञ ठरवतील. तेव्हा जेल किंवा इंजेक्शनची गरज पडलीच, तर ते हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) आणि प्रोस्टेटची पीएसए तपासणी ठरावीक काळाने करतच दिले जाते. तो उपचार वाईट नाही, पण तो ज्याच्या हातून घ्यायचा तो माणूस जिममध्ये नसतो.

रात्रीच्या अमिट्रिप्टिलिनबद्दलही डॉक्टरांशी बोला. मानेच्या जळजळीवर ती चांगली लागू पडते, पण ती कामेच्छा आणि ताठरता कमी करू शकते आणि शेकाने आधीच कोरडे पडलेले तोंड आणखी कोरडे करते. ती स्वतःहून एकदम बंद करू नका. मात्रा कमी करता येईल का, किंवा दुसरे औषध चालेल का, हे विचारा. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीचे काही अजून चालू असेल तर तेही सांगा, कारण ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास टेस्टोस्टेरॉन खाली आणतात.

औषधाच्या दुकानात मागताच मिळणारी, ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी मी आज तुम्हाला सुचवणार नाही. ती रक्तप्रवाहाला मदत करते, इच्छा निर्माण करत नाही, आणि तुमच्याकडे आज इच्छेचाच अभाव आहे. पुढे तिची गरज लागू शकते, आणि तेव्हा ती जरूर घ्यावी, परंतु आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी पाहून. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखे नायट्रेट घेणाऱ्याने ती मुळीच घेऊ नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. तुम्ही तंबाखू खात होता की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. खात असाल आणि सोडली असेल, तर ती सुटलेलीच राहू द्या, कारण लिंगाच्या बारीक रक्तवाहिन्यांनाही ती तितकीच घातक आहे.

तुमच्या पत्नीच्या भीतीविषयी मी थेट त्यांच्यासाठीच लिहितो, हा मजकूर त्यांना वाचायला द्या. वहिनी, यांना जे शेक दिले गेले ते बाहेरच्या यंत्रातून दिले गेले. यंत्र बंद झाले त्या क्षणी किरण संपले. एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या अंगात जसे काही उरत नाही, तसेच यांच्या अंगातही काही उरलेले नाही, पहिल्या दिवशीही नव्हते. कॅन्सर एका उष्ट्या पेल्यातून, चुंबनातून किंवा शरीरसंबंधातून दुसऱ्याला होत नाही. टॉन्सिलच्या आणि जिभेच्या मुळाच्या काही कॅन्सरमागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, तो संबंधातून पसरतो हे खरे. परंतु गालाच्या कॅन्सरचे आपल्याकडचे मुख्य कारण तंबाखू आणि सुपारी आहे, आणि ज्यांना तो विषाणूचा कॅन्सर झाला आहे अशा जोडप्यांनाही वर्षानुवर्षांचे सहजीवन बदलायला सांगितले जात नाही. तुमच्या त्यांच्याजवळ जाण्यात तुम्हाला कसलाही धोका नाही.

आणि आता तुम्हा दोघांसाठी, ज्याबद्दल रिपोर्ट काही सांगत नाहीत त्याविषयी. शेक झालेल्या माणसाचे तोंड हे त्याच्या जवळिकीतले सगळ्यात अवघडलेले ठिकाण असते. लाळ नाही, तोंड दोन बोटेही उघडत नाही, ओठाची एक बाजू बधिर, कडेने पाणी ओघळते, आणि आपल्या तोंडाला वास येत असेल या धास्तीने माणूस मान वळवतो. समोरच्याला वाटते, याला मी नको आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका रुग्णाच्या पत्नीने सांगितले होते, की वर्षभर तिच्या नवऱ्याने दिव्याकडे पाठ करून झोपायची सवय लावून घेतली होती, आणि ती त्यांच्या व्रणाला घाबरते, असे त्यांनी मनाशी धरले होते. तिला भीती होती ती वेगळीच, हात लावला तर दुखेल ही. तुम्ही तुमच्या पत्नीचा हात धरून व्रणावर ठेवा आणि कुठे बधिर आहे, कुठे दुखते, कुठे बरे वाटते, हे शब्दांत सांगा. खाण्याच्या सोड्याच्या आणि मिठाच्या पाण्याने गुळण्या करून मगच जवळ जा, उशाशी पाण्याची बाटली ठेवा आणि मध्येच थांबून घोटभर पाणी पिण्यात काही अपमान मानू नका. मानेतल्या गाठी काढताना खांद्याकडे जाणाऱ्या नसेला ताण बसतो, त्यामुळे डाव्या हातावर भार पेलत नसेल, तर उजव्या कुशीवर आणि डाव्या हाताखाली उशी घेऊन जवळ या. तोंड उघडण्याचे आणि खांद्याचे व्यायाम बंद केले असतील तर पुन्हा सुरू करा.

पहिले काही आठवडे संबंध हे ध्येयच ठेवू नका. वर्षभर तुमच्या पत्नीने तुम्हाला वरण गाळून, भात मऊ करून भरवले असेल, ड्रेसिंग पाहिले असेल. शुश्रूषा करणारी व्यक्ती एका रात्रीत पुन्हा सखी होत नाही, तिलाही त्या भूमिकेतून बाहेर यायला अवधी लागतो. आधी त्यांनी खोलीत परत यावे, एवढेच मागा.

"उगाच वाचलो" हे वाक्य मी सोडून देणार नाही. थायरॉइडच्या कमतरतेने मन काळवंडते आणि ती भरून आल्यावर ते काळेपण पुष्कळदा ओसरते, पण त्यासाठी रिपोर्टची वाट पाहत एकटे बसू नका. हे पत्नीला आज सांगा. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात डोकावत असेल किंवा रात्र काढणे कठीण वाटत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते, मराठीतही. तुमच्या डॉक्टरांनाही हे वाक्य जसेच्या तसे सांगा.

फॉलो-अपला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. टीएसएच, फ्री टी-४, उपाशीपोटीची साखर, लिपिड आणि सकाळी ८ ते १० च्या दरम्यानचे टेस्टोस्टेरॉन, एवढ्या तपासण्या तारखेच्या निदान चार-पाच दिवस आधी पूर्ण झालेल्या असू द्या. एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावे लिहा आणि त्याखाली तुमच्या तक्रारी पत्रात लिहिल्यात तशाच स्पष्ट लिहा, पंख्यासकट. तोंडाने बोलायला जड जात असेल तर तो कागद नुसता पुढे सरकवा, आणि जमले तर पत्नीला बरोबर घेऊन जा. तिथे पुन्हा तेच उत्तर मिळाले, तर वाद घालत बसू नका. रिपोर्ट घेऊन जवळच्या जिल्हा रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील फिजिशियनकडे जा. थायरॉइडची गोळी सुरू करायला कॅन्सरच्याच दवाखान्याची गरज नसते. रिपोर्ट आल्यावर मला आकडे कळवा. नाव लिहिले नाही तरी चालेल, फक्त रक्त किती वाजता दिले ते लिहा.